बाराचा खेळ

बाराचा खेळ रद्द झालाय, असं इमामनं तिकिटाच्या खिडकीतून सांगितलं, तरी हरणाबाई तिथून हलली नाही. तिचा पदर धरून सात वर्षांची रेश्मा उभी होती. मायलेकी जत तालुक्यातल्या वाडीवरून पहाटेच्या एसटीनं सांगलीला आणि तिथून माधवनगरला आल्या होत्या.

इमामनं बाहेरच्या फळ्याकडं बोट दाखवलं. हिंदी मारामारीच्या सिनेमाचे दिवसाला तीन खेळ होते. मराठीचा एकच, बाराचा. त्याला आठवडाभर कोणी फिरकलं नव्हतं. थिएटर गिरणी कामगारांच्या जुन्या सोसायटीचं. दहा माणसं असल्याशिवाय खेळ लावायचा नाही, असा तिथला नियम होता.

"मग उद्या येऊ?" हरणाबाईनं विचारलं.

"उद्या शुक्रवार, ताई. सिनेमा बदलतोय. आता दुसरीकडं कुठं लागेल असं वाटत नाही."

तिनं रेश्माला खिडकीपुढं ओढलं. मग म्हणाली, "त्यात आमचं मालक हायत. पोरीला त्यांचा आवाज आठवत न्हाई."

इमामनं खिडकी सोडली आणि तो बाहेर आला. पायरीवर बसून तिनं त्याला सगळं सांगितलं.

सात वर्षांपूर्वी त्यांच्या माळावर शूटिंग झालं होतं. मेंढरं हवी होती, म्हणून सिनेमावाले मायाप्पाकडं आले. त्याचा पटका आणि घोंगडं बघून सिनेमाच्या साहेबांनी त्यालाच उभं केलं आणि बोलायला एक वाक्य दिलं. दोन दिवस मेंढरांमागं फिरताना मायाप्पा तेच घोकत होता, "सायेब, हितं पानी न्हाई. फुडच्या गावात हाय." त्याची हाक ओढ्यापलीकडच्या वस्तीवर ऐकू जायची. साहेब त्याच्यावर खूश होते.

त्यानंतर सिनेमा अडकला. रेश्मा दीड वर्षाची असताना करोनात मायाप्पा गेला. मागं राहिला आधार कार्डावरून मोठा करून घेतलेला एक फोटो. घरात तेव्हा बटणाचा फोन होता, त्यात काहीच साठवलेलं नव्हतं.

पोर शाळेत जायला लागली आणि तिचं विचारणं सुरू झालं. आप्पा कसे बोलायचे? मला काय म्हणून हाक मारायचे? हरणाबाई सांगायची, पण आवाज काही सांगता येत नाही. एकदा तिनं मायाप्पासारखी हाक मारून दाखवली, तर रेश्मा हसली आणि म्हणाली, ही तर तूच आहेस. परवा सांगलीत शिकणाऱ्या पुतण्याचा, शिवतेजचा फोन आला. काकांचा सिनेमा लागलाय, थिएटरवर पोस्टर बघितलं, गुरुवारपर्यंतच आहे म्हणाला.

इमामनं ऐकून घेतलं. मग सोसायटीच्या अध्यक्षांना फोन लावला. तो बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिला, मधेच म्हणाला, "बोलणी खायची तर मी खातो, साहेब." फोन खिशात टाकून त्यानं दार उघडलं.

"चला आत. कुठंही बसा."

पाचशे खुर्च्यांच्या त्या थिएटरात दोघीच बसल्या. इमाम दाराशी उभा राहिला.

सिनेमा शहरातल्या कुणा श्रीमंत पोराचा होता. त्यात बंगले होते, भांडणं होती. रेश्मा प्रत्येक माणसाकडं बोट करून हे का, हे का, असं विचारत होती. पाऊण तासानं पडद्यावर त्यांचा माळ आला. हरणाबाई खुर्चीत पुढं सरकली. मेंढरं ओळखीची होती, त्यातल्या दोन मेंढ्यांची तर तिनं नावं घेतली. मेंढरांच्या मागं, खांद्यावर घोंगडं टाकून, मायाप्पा उभा होता.

"त्ये बघ. त्येच तुझं आप्पा."

धुरळा उडवत जीप आली. पोरानं काच खाली करून पाणी विचारलं. मायाप्पानं मान वर केली, डोळ्यांवर हात धरला आणि बोलला.

"साहेब, इथं पाणी नाही. पुढच्या गावात आहे."

भरदार आवाज थिएटरभर घुमला. रेश्मानं दोन्ही हातांनी आईचा दंड धरला. हरणाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती तशीच पडद्याकडं बघत राहिली. तोवर जीप निघून गेली होती आणि पडद्यावर पुन्हा बंगला आला होता.

मध्यंतरात इमाम जवळ आला. त्यानं हरणाबाईचे डोळे बघितले. वर ऑपरेटरला सांगून तेवढा भाग पुन्हा लावतो, म्हणाला.

"नको," हरणाबाई घाईनं म्हणाली. "आमची गाडी चुकंल."

पण रेश्मा उठायला तयार नव्हती. शेवटी हरणाबाईनं तिला बसू दिलं, आणि पाणी पिऊन येते म्हणून स्वतः बाहेर गेली. ती नळाकडं गेली नाही, फळ्याखालच्या पायरीवर बसून राहिली. आत तो भाग दोनदा लागला. रेश्मा बाहेर आली तेव्हा तिचं तोंड उजळलं होतं. हरणाबाईनं इमामपुढं हात जोडले. लय उपकार झाले, एवढंच म्हणाली.

जतच्या गाडीत रेश्मा खिडकीशी बसली. उद्या शाळेत बाईंना सांगायचं, मैत्रिणींना बोलून दाखवायचं, असं तिचं चाललं होतं. आवाज जाड करून ती ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, प्रत्येक शब्द तिथल्यासारखाच. कवठे महांकाळ मागं पडल्यावर तिनं आईच्या मांडीवर डोकं टेकलं.

"आई, आप्पा असंच बोलायचं?"

हरणाबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला.

"व्हय. अगदी असंच."

मायाप्पाच्या तोंडी बसवलेला तो आवाज तिनं आज जन्मात पहिल्यांदाच ऐकला होता.