तीस सुया

गोधडीचा एकच कोपरा शिवायचा राहिला होता. लेकीने तो मांडीवर ओढून घेतला आणि ती टाके मोजू लागली.

आई जाऊन महिना झाला होता. दादा कुंपणाची तार ओढायला गेला होता, वहिनी गोठ्यात होती. पडवीत ही एकटीच. भिंतीलगतची आईची जागा मोकळी ठेवून ती तिच्या शेजारी बसली होती, नेहमी बसायची तशीच.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती शहरातून यायची. अंगणात पाय टाकला की आई म्हणायची, "आले बाई माझे डोळे!" त्यावर आतून वहिनीचा आवाज, "आईंना डोळे आले? लांब बसा रे सगळे!" जेवणं उरकली की आई सुयांचं कोरं पाकीट आणि दोऱ्याचं रीळ तिच्यापुढे सरकवायची. आईला सुईचं नेढं दिसत नसे. तीस सुया ओवायच्या. प्रत्येकीत हातभर दोरा, टोकाला दुहेरी गाठ. ओवलेली सुई फडक्याच्या पट्टीत टोचून ठेवायची. एवढी महिन्याची बेगमी.

ती ओवायची आणि आई बोलायची. कुठली कोंबडी खुडूक बसली, कोणाच्या सुनेने सासूला कसं गप्प केलं, दादा झोपेतसुद्धा गुरांना कसा हाकतो. तिची नजर नेढ्यावर असायची, म्हणून ती नुसतं "हं" म्हणायची. तासभर सहज जायचा. तिसावी सुई टोचून झाली की ती मनगट वळवून पाहायची. बस चारची होती.

"दर वेळी कोरं पाकीट लागतं? जुन्या सुया जातात कुठे?" तिने एकदा विचारलं होतं.

"पडतात पेंढ्यात. गंजतात."

"खातात त्या," वहिनी म्हणाली होती. "आता मी दिसले की दुकानदार न विचारताच पाकीट काढतो."

या वर्षी तिला नोकरीत वरची जागा मिळाली आणि तीन महिन्यांचे तीन रविवार हुकले. फोनवर ती म्हणायची, "सुया संपल्या असतील ना गं?" आई म्हणायची, "आहेत अजून. तू ये सवडीने." चौथ्या महिन्यात फोन आला तो दादाचा.

तेव्हापासून एकच चित्र तिचा पिच्छा सोडत नव्हतं. आई या भिंतीला टेकून बसली आहे. मांडीवर गोधडी. सुई उजेडाकडे धरलेली, दोऱ्याचं टोक ओलं केलेलं, आणि ते पुन्हा पुन्हा नेढ्याच्या बाजूने निसटतं आहे. किती दिवस अशी बसली असेल?

म्हणून ती मोजत होती. हातभर दोऱ्यात दोन वीत धावदोरा होतो. तीस सुयांत साठ वीत. ती शेवटची येऊन गेली तेव्हा गोधडी निम्मीही नव्हती. त्यापुढच्या ओळींवर वीत टाकत ती साठाच्या पुढे गेली, शंभराच्या पुढे गेली. मग तिने मोजणं सोडलं.

वहिनी दुधाची बादली घेऊन पायरी चढली.

"वहिनी, माझ्या सुया संपल्यावर आईला कोणी ओवून दिल्या? दादाने?"

"त्यांनी?" वहिनीने बादली खाली ठेवली. "शर्टाचं बटण तुटलं तर शर्ट बदलतात ते."

"मग तू?"

"मला कधी म्हणाल्याच नाहीत."

"अगं, मग एवढी शिवण झाली कशी? खरं सांग. रिकामी सुई घेऊन बसायची का ती?"

पदराला हात पुसत वहिनी आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. ती परत आली ती बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा घेऊन. तो तिने नणंदेच्या मांडीवर, गोधडीच्या न शिवलेल्या कोपऱ्यावर ठेवला.

डब्यात फडक्याच्या पट्ट्या होत्या, गुंडाळून एकावर एक रचलेल्या. तिने एक उलगडली. तीस सुया. हातभर दोरे, टोकाला दुहेरी गाठी. तिच्याच हातच्या. दुसरी उलगडली. तीस. तळाच्या पट्ट्यांतल्या सुया गंजून फडक्याला धरल्या होत्या. एकाही पट्टीतली एकही सुई निघालेली नव्हती.

"स्वतःच ओवायच्या त्या," वहिनी म्हणाली. "नेढं बघायला लागतच नाही म्हणायच्या. दोऱ्याचं टोक चिमटीत धरायचं आणि सुईच त्याच्यावर आणायची. डोळे मिटूनसुद्धा जमायचं त्यांना. मलाही शिकवलंय."

म्हणजे आई रिकामी बसली नव्हती. एक दिवसही नाही. तिने पट्टी पुन्हा गुंडाळायला घेतली आणि तिचे हात थांबले.

"मग मला कशाला ओवायला लावायची?"

"मीही विचारलं होतं, ताई. म्हटलं, आई, लेक चार तासांसाठी येते, तिला कशाला कामाला जुंपता? तर म्हणाल्या, 'अगं, हात मोकळे झाले की ती घड्याळ बघते.'"