पिवळा स्टिकर

“म्हणजे नवाच घेऊ म्हणतोस?” म्हाताऱ्याने विचारलं.

हाझेमने कपाळावर हात मारून घ्यायचा मोह आवरला. तीन दिवसांत हा प्रश्न त्याने निदान अकरा वेळा ऐकला होता. रविवारी म्हातारा आला तेव्हा त्याला नवा लॅपटॉप हवा होता. सोमवारी दुरुस्त केलेला. मंगळवारी तो फिरकलाच नाही, तेवढाच विसावा. आज बुधवार, आणि गाडी पुन्हा मूळपदावर.

“हाजी, मी केव्हापासून उलटंच सांगतोय. दुरुस्त केलेला घ्या. निम्म्या किमतीत दुप्पट दणकट.”

“पोरीसाठी घ्यायचाय, बाळा. एकुलती एक आहे. पुन्हा पुन्हा थोडाच घेणार आहे मी?” म्हाताऱ्याने चहा फुर्रकन ओढला. तोही हाझेमनेच मागवलेला, तिसरा पेला.

कैरोत बाब-अल-लूकच्या त्या इमारतीत लॅपटॉपची चाळीसेक दुकानं होती. पण हा माणूस नेमका हाझेमच्याच नशिबी आला, आणि तोही याच आठवड्यात. शुक्रवारी संध्याकाळी हाझेम आईला घेऊन शुब्रा भागात नेर्मीनला मागणी घालायला जाणार होता. मावशीकडे तो तिला दोनदा भेटला होता आणि तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. तिची आई राजी होती. वडील तेवढे राहिले होते. बंदरावरची नोकरी संपवून ते नुकतेच घरी आले होते.

भीती होती ती एकाच गोष्टीची. पाच वर्षांपूर्वी टांटा गावात हाझेमचं लग्न झालं होतं आणि आठ महिन्यांत मोडलं होतं. नेर्मीनला यातलं काहीच माहीत नव्हतं. “ओळखपत्रावर ‘घटस्फोटित’ असं लिहिलेलं असतं खरं,” आई म्हणायची, “पण ते बघायची वेळ येईल तोवर पोरीचा जीव तुझ्यात अडकलेला असेल.” मुलीकडचे गल्लीत चौकशी करणारच, म्हणून तिने दारवान, वाणी आणि इस्त्रीवाला, तिघांनाही पढवून ठेवलं होतं. हाझेमला हे पटत नव्हतं. नेर्मीनला सांगायला त्याने दोनदा फोन उचलला आणि दोनदा खाली ठेवला. ती नाही म्हणाली तर?

“आधीच्या मालकाने सोडला कशाला?” म्हाताऱ्याने खिशातून पुडी काढली आणि भाजके हरभरे पुढे केले. “खा. काहीतरी खोट असणारच की.”

“परदेशातल्या कचेऱ्या तीन-तीन वर्षांनी सगळेच बदलतात, हाजी. खोट कुणाचीच नसते. कधी कधी नाही जमत, सोडतात.”

“आणि आतून?” म्हाताऱ्याने लॅपटॉप उचलून कानाला लावला आणि टरबूज ठोकून बघावं तसा दोन बोटांनी ठोकला.

हाझेमने दात आवळून झाकण उघडलं. बॅटरी दाखवली, पंखा दाखवला, पुन्हा सगळं बसवलं. तोवर म्हाताऱ्याचं नख झाकणावरच्या पिवळ्या स्टिकरपाशी पोचलं होतं. ‘दुरुस्त केलेला’ अशी त्यावर ठळक अक्षरं. म्हातारा ती खरवडू लागला.

“हे कशाला? शेजारचे तर लावत नाहीत. काढून टाकलं तर नव्यासारखाच दिसतो. कळणार आहे कुणाला?”

हाझेमने आतापर्यंत सगळं ऐकून घेतलं होतं. स्टिकरला हात लागला आणि त्याचा तोल गेला.

“कळतं, हाजी! आज नाही तर सहा महिन्यांनी कळतं. कुणीतरी उघडतं, स्क्रूवरचे ओरखडे बघतं आणि माझ्या नावाने बोटं मोडतं. बरोबरच करतं! दुरुस्त केलेला असण्यात कसली लाज? लाज लपवण्यात आहे. ज्याला न्यायचाय त्याला आधी सांगायचं, मग त्याची मर्जी! आता घ्या नाहीतर राहू द्या, पण माझं डोकं खाऊ नका!”

आजूबाजूच्या दुकानांतून माना बाहेर आल्या. हाझेम ओशाळला. म्हातारा मात्र रागावला नाही. त्याच्याकडे बघत त्याने उरलेला चहा संपवला.

“हाच दे,” तो म्हणाला. “आणि तो स्टिकर एक जास्तीचा दे. हा मी खराब केलाय.”

हाझेमने दिला. म्हातारा जिना उतरून दिसेनासा झाला तेव्हा कुठे त्याला हायसं वाटलं.

शुक्रवारी त्याने नवा कोट घातला आणि केकचा खोका घेतला. टॅक्सीत आई बजावत होती, “चहा आला तर समजायचं, अजून विचार चाललाय. लाल सरबत आलं तर जमलं. आणि टांटाचा ट सुद्धा काढायचा नाही!”

नेर्मीनच्या आईने हसून दार उघडलं आणि दोघांना दिवाणखान्यात बसवलं. समोर हरभऱ्यांची वाटी ठेवली.

“घ्या ना. टांटाचे आहेत. नेर्मीनचे वडील मंगळवारी गेले होते, येताना घेऊन आले.”

हाझेमच्या आईचा हात वाटीतच थांबला.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात नेर्मीन आली. तिच्या हातात तबक होतं आणि पेल्यांत सरबत होतं, लालभडक. हाझेमचा जीव भांड्यात पडला.

“थांब जरा, पोरी,” आतल्या खोलीतून कुणीतरी म्हणालं.

तो आवाज हाझेमच्या चांगलाच ओळखीचा होता. तो ताडकन उभा राहिला.

नेर्मीनचे वडील सावकाश बाहेर आले. त्यांनी खिशातून पिवळा स्टिकर काढला, मागचा कागद सोलला आणि हाझेमच्या नव्या कोटावर, बरोबर छातीवर, तळहाताने दाबून चिकटवला.

“हा लावायचा राहिला होता, बाळा,” ते म्हणाले. “आता तिची मर्जी.”