शेवट न पाहिलेले सिनेमे

"उन्हाळा सरत आला, पण ह्यांचे सिनेमे काय सरत नायत," पडद्यामागं मंजुळा पुटपुटली. ती पोह्याचे पापड डब्यात भरत होती आणि डब्याशीच बोलत होती. आवाज मात्र बाहेरच्या खोलीत नीट पोचेल एवढा ठेवला होता. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली की हा अंदाज बरोबर येतो.

धम्मपालनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यानं खिडकीला ओला पंचा लावला, दार ओढून घेतलं, टीव्हीसमोर चटई अंथरली. बाहेर पोलादपूरचा रस्ता उन्हात थरथरत होता. आत गारवट अंधार आणि पंख्याची घरघर. निशा उशी घेऊन आली आणि लहानपणी लोळायची तशी चटईवर लोळली.

"आज कुठला, बाबा?"

"आज एक नंबर! आठवड्यात पडला होता. कुणी बघितलाच नाय."

पडलेल्या सिनेमांवर धम्मपालचा भारी जीव. तहसील कचेरीत कारकून होता तेव्हा दाखल्याला आलेल्या माणसाला तो आधी दाखला देई, मग एखादा सिनेमा सुचवी. त्यातही उन्हाळ्यातले सिनेमे त्याचे खास लाडके. एकात पोस्टमन अख्खा दीड तास आंब्याखाली बसून असतो. एकात दोन जावा एकाच पंख्यावरून महिनाभर भांडतात. घडत काहीच नाही, पण बघून उठलं की अंगाला घाम आणि मनाला गारवा.

एकच खोट होती. तरुणपणी हे सगळे सिनेमे त्यानं महाडला बघितले, आणि पोलादपूरची शेवटची एसटी सिनेमा संपायच्या वीस मिनिटं आधी सुटायची. एकाचाही शेवट त्यानं बघितला नव्हता. एसटीच्या खिडकीशी बसून तो शेवट स्वतःच रचायचा. गाव येईपर्यंत तो खरा झालेला असायचा. पुढं लोकांनाही त्यानं तेच शेवट सांगितले. आता निशा फोनवर सिनेमा शोधून टीव्हीला लावून द्यायची, तरी वीस मिनिटं उरली की तो सवयीनं उठायचा, टीव्ही बंद करायचा आणि आपला शेवट सांगायचा. तिलाही तोच हवा असायचा.

मे महिना लागला तशी ती डोंबिवलीहून आली. शाळेला सुट्टी लागली, म्हणाली. शिकवणारी बाई, सुट्टी लागणारच. पण बॅग माळ्यावर टाकताना चेन उघडली आणि धम्मपालला आत स्वेटर दिसला. स्वेटरखाली तिच्या सर्टिफिकेटांची फाईल. त्यानं चेन लावून टाकली. जेवताना एवढंच म्हणाला, "उद्या दुपारी एक सिनेमा बघू गो." तेव्हापासून रोज एक.

नवऱ्याचा, विपुलचा, फोन आला की ती मागच्या दारी जायची. 'हो.' 'चुकलं माझं.' 'हो.' एवढंच ऐकू यायचं. घरात कुणी काही विचारलं नाही. सुट्टी कधी संपते, असं शेजारणींनी विचारलं तर धम्मपाल म्हणायचा, "अजून लय सिनेमे बाकी हायत."

आजचा त्यानं मुद्दाम राखून ठेवला होता. नवऱ्याला कंटाळलेली एक बाई उन्हाळ्यात माहेरी येते. बाप तिला काही विचारत नाही. दोघं फणस फोडतात, विहिरीवर पाय सोडून बसतात, दुपारी झोपतात. पडद्यावरचं ऊन आणि दाराच्या फटीतून आलेलं ऊन एकमेकांत मिसळून गेलं होतं. मंजुळाही हात पुसत चौकटीला टेकली. "मी बघत नाय, उभी हाय नुसती," म्हणाली.

वीस मिनिटं उरली. धम्मपाल उठला.

"मग ती बाई गावातच ऱ्हाते. शाळा काढते. बाप तिला फळा रंगवून देतो, आणि..."

"बाबा, आज खरा शेवट बघूया," निशा म्हणाली. "परवा रविवारी विपुल येतोय न्यायला. परत कधी बघणार?"

तो खाली बसला.

पडद्यावर नवरा आला. बापानं त्याला पाट मांडला, हात जोडले. लेकीची पेटी स्वतः उचलून गाडीत ठेवली. बाई रडत गाडीत बसली आणि सनई वाजू लागली. गाडी धुळीत दिसेनाशी झाली. बाप डोळे पुसून समाधानानं हसला.

पंखा फिरत राहिला. 'हा सिनेमा बघाच' असं आपण किती लेकींच्या बापांना सांगितलं, ते धम्मपालला आठवेना.

"शेवट चुकवलाय ह्यांनी," तो म्हणाला.

"शेवट असाच असतो, बाबा." निशा हसली. "तुमची एसटी लवकर सुटायची, म्हणून तुम्हाला माहीत नाय."

त्याला बोलायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. "उद्या दुसरा बघू. एक हाय, त्यात एक म्हातारा कंडक्टर..."

फोन वाजला. विपुल. निशा ओढणी सावरत उठली. बोलायच्या आधीच तिची मान खाली गेली होती. मंजुळा चौकटीवरून मागच्या दारात जाऊन उभी राहिली होती. ती बाजूला झाली नाही. तिनं लेकीच्या हातातून फोन काढून घेतला. जावयाशी 'बरं हाय ना' याच्या पुढं ती आजवर कधी बोलली नव्हती.

"जावईबापू, रविवारची खेप घालू नका," ती म्हणाली. "निशा सुट्टीला आलेली नाय. ती तुमचं घर सोडून आलीय."