तुरुंगापुढची पाटी

गर्भपाताच्या दवाखान्यापुढे दर शनिवारी विरोध म्हणून 'प्रत्येक जीव देवाचा' अशा पाट्या घेऊन माळ जपायला जमणाऱ्या चर्चच्या बायकांना फुटपाथ पुरायचा नाही. आज तीच पाटी घेऊन लोरेटा तुरुंगाच्या फाटकाशी एकटीच उभी होती. आत खुनासाठी मृत्युदंड झालेल्या डॅरिलला विषाचं इंजेक्शन द्यायची तयारी चालली होती. न राहवून तिनं दर शनिवारच्या सोबतिणीला, बर्नाडेटला फोन लावला.

"तू तरी ये गं."

"खुन्यासाठी माळ जपू? डोकं फिरलंय तुझं."

"अगं, त्याच्या आईला दवाखान्याच्या पायरीवरून तूच परत फिरवलं होतंस. 'पोराला काही कमी पडू देणार नाही' म्हणाली होतीस."



"म्हणाले होते गं. पण तेव्हा तो जन्मला नव्हता."