सोमवारची यादी

सोमवारी सव्वानऊला फोन वाजला, तेव्हा प्रेमानंद मेश्राम बूट घालूनच बसले होते.

"सर, बिघडली जी पुन्हा तुमची लिस्ट." बुटीबोरीच्या कापड गिरणीतून कामगारांच्या पाळ्यांची यादी छापणाऱ्या गोपिकाबाई बोलत होत्या. "रात्रपाळीवाले दिवसपाळीत दाखवून राहिली."

"हात नका लावू. येतोच मी."

हुडकेश्वरहून स्कूटरने पाऊण तास. वाटेत मेश्रामांना नेहमीप्रमाणे थोडी लाज वाटली. गिरणीच्या पाळ्यांचा प्रोग्राम त्यांनीच लिहिला होता आणि दोन वर्षांपूर्वी, बायको गेल्यावर, त्यात ही चूकही त्यांनीच पेरली होती. दर सोमवारी नावं उलटसुलट होत, दर सोमवारी बोलावणं येई. आपणच गाठ मारायची, आपणच सोडवायची. पण आठवडाभर घरात कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नसला, की शहाणा माणूसही असलं काहीतरी करून बसतो.

काम पाच मिनिटांचं. चुकलेला कागद बाईंनी आधीच फाडून टाकलेला असे. मेश्राम कॉम्प्युटर बंद करून चालू करत. तेवढ्यानं यादी नीट छापली जावी, ही सोयही त्यांचीच. मग गोळाभात आणि गप्पा. बाईंचा डबा दोघांना पुरे. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, तरी अंदाज चुकतोच, असं त्या म्हणत.

आज मात्र मॅनेजर सौरव बाईंच्या टेबलाशी उभा होता.

"बसा सर. आता प्रोग्राममधल्या चुका मशीनच शोधते, मशीनच दुरुस्त करते. माणूस लागत नाही. मागच्या वर्षीपासून ट्रायल सुरू होती, कोणाले सांगितलं नव्हतं. आजपासून पक्कं. तुम्हाले आता यायचा त्रास नाही."

मेश्राम खुर्चीत टेकले. आता सोमवारही गेला.

"तिनं काय काय दुरुस्त केलं, त्याचा हा कागद. नजर टाकून सही द्या."

चोराच्या मनात चांदणं. आपण पेरलेली चूक यात असणारच. दोन वर्षं फसवलं, हे बाईंना कळलं तर त्या तोंड तरी बघतील का?

त्यांनी चष्मा लावला. समोर गोपिकाबाई खाली मान घालून डब्याचं झाकण उगाचच पुसत होत्या.

चूक पहिल्याच ओळीत होती. सोमवारची पाळीयादी, नावांची अदलाबदल, कायमची दुरुस्त. पुढे दुरुस्तीची तारीख होती, अकरा महिन्यांपूर्वीची.