होडीवाल्याचं पुढे काय झालं?

“सर, यात एक पान नाहीये.”

मावशींनी हात वर करून हे सांगितलं, तेव्हा हॉलमधली दोन-चार डोकी वर झाली आणि पुन्हा खाली गेली. पर्यवेक्षक सर कपाळाला आठ्या घालत आले. त्यांनी मावशींची प्रश्नपत्रिका चाळली. मग पुढच्या बाकावरच्या मुलाची उचलली. तिच्यातही ते पान नव्हतं. पण त्या पठ्ठ्याने उताऱ्याखालचे सगळे प्रश्न सोडवून टाकले होते.

“हे बघा, बाकीच्यांचं काही अडलेलं नाही,” सर म्हणाले. “तुमचंच कसं अडलं?”

मावशी म्हणजे वर्गातली सगळ्यात मोठी विद्यार्थिनी. बाकी सगळी विशीतली पोरं, आणि यांची मुलगी तिसरीत. लग्नामुळे सुटलेलं शिक्षण त्यांनी हट्टाने पुन्हा धरलं होतं. बाकी सगळे विषय सुटले. राहिली ती विद्यापीठाची सक्तीची इंग्रजी चाचणी. आधी शब्दसंग्रह, मग व्याकरण आणि शेवटी उतारा. ती पास झाल्याशिवाय पदवी नाही. संधी तीनच, आणि ही तिसरी. आधीच्या दोन्ही वेळा उताऱ्यापर्यंत पोचेतो घंटा वाजली होती.

पोरांना वेळेचा प्रश्नच येत नसे. क्लासमध्ये त्यांना घोटून घोटून शिकवलं होतं, की उताऱ्यात वेळ घालवायचा नाही. थेट प्रश्नांवर जायचं, चार पर्यायांतला सगळ्यात लांबलचक निवडायचा आणि पुढे सुटायचं. “मावशी, उतारा वाचायचा नसतो हो, सोडवायचा असतो,” पुढच्या बाकावरच्या मुलाने त्यांना अगदी कळवळून समजावलं होतं.

मावशींनी तसं करून पाहिलं. जमेना. रोज झोपताना मुलीला गोष्ट वाचून दाखवायच्या. दमून एखादी ओळ सोडली, की डोळे मिटलेली कार्टी म्हणायची, “आई, गाळलंस!” त्यामुळे ओळीखाली बोट धरून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. आज सकाळी चपला घालताना मुलीने विचारलं, “तू गोष्ट शेवटी का ठेवतेस? आधी वाच ना.” मावशींना हसू आलं. पण हॉलमध्ये बसल्यावर त्यांनी पेपर खरंच मागून उघडला.

उताऱ्यात एक होडीवाला होता. नदीला पूर, होडीत एकटा डॉक्टर, पलीकडे कोणीतरी आजारी. ऐन मध्यावर होडीची फळी निखळते आणि पाणी आत येऊ लागतं. डॉक्टर घाबरून विचारतो, काय झालं? होडीवाला म्हणतो, काही नाही. मग तो अंगातला सदरा काढतो आणि...

तिथे पान संपलं होतं. पुढच्या पानावर एकदम प्रश्न. होडीवाल्याला शेवटी कशाचा पश्चात्ताप झाला? खाली चार पर्याय. चारही खरे वाटावेत असे.

“चारातला एक ठोकून द्या आणि पुढे व्हा,” सर म्हणाले. “वेळ तुमचाच जातोय.”

ते मावशींनाही कळत होतं. व्याकरण आणि शब्द अजून तसेच पडले होते. तरी त्या हटल्या नाहीत.

“अंदाजाने कसं सांगू, सर? तो बुडाला की तरला, तेच मला माहीत नाही.”

हॉलमध्ये खसखस पिकली. सर पुटपुटत बाहेर गेले. पेपर काढणाऱ्या मॅडमना शोधायला आता अर्धी इमारत पालथी घालणार, म्हणजे आपला तास बुडाला, असं मावशींना वाटलं. पण ते लगेच परतले. हातात छापलेलं पान होतं.

“मॅडमनी विचारायला सांगितलंय. हे पान आणखी कोणाला हवंय?”

एकही हात वर झाला नाही. झालं होतं सगळ्यांचं.

मावशींनी पानावर बोट ठेवलं. होडीवाल्याने भोकात सदरा कोंबला, होडी काठाला लावली, डॉक्टर वेळेवर पोचला. पश्चात्ताप झाला तो एवढाच, की आपण डॉक्टरशी खोटं बोललो. बरोबर पर्याय सगळ्यात छोटा होता. मावशींनी त्यावर खूण केली आणि मग व्याकरणावर अशा तुटून पडल्या, की बोट धरायचंही विसरल्या. घंटा झाली तेव्हा पेपरात तीनच जागा रिकाम्या होत्या.

निकाल लागला. मावशी पास! आणि उताऱ्याला पैकीच्या पैकी.

“मावशी, फाडलंत तुम्ही!” पुढच्या बाकावरचा मुलगा ओरडला. मावशी भर व्हरांड्यात रडल्या, मग हसल्या, मग मुलीला फोन लावला. “गोष्ट आधी वाचली गं!” एवढंच त्यांना बोलता आलं.

फोन ठेवून त्या पेपर काढणाऱ्या मॅडमकडे गेल्या.

“मॅडम, छापखान्याने घोळ घातला, पण तुम्ही लगेच पान पाठवलंत. फार उपकार झाले.”

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. त्यांचेही डोळे ओले होते.

“घोळ नव्हता तो. दर परीक्षेला उताऱ्याचं एक पान मी मुद्दाम काढते आणि ते घेऊन हॉलबाहेरच्या बाकावर बसून राहते. इतक्या वर्षांत मागायला कोणी आलंच नव्हतं.”