सुकाणू

“सोड! तुला नाय जमायचं.”

लेकीनं सातव्या वर्षी होडीच्या सुकाणूला हात लावला, तेव्हा आबा ओरडले होते. पुढे शाळेत फळ्यापाशी बोलावलं की तिला तोच आवाज ऐकू यायचा आणि येणारं गणितही ती अर्ध्यावर सोडायची.

आज दोरात अडकून आबांचा हात सोलवटला. समोर खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या. पंधरा वर्षांच्या लेकीनं सुकाणू धरलं. आवाज आलाच. तरी तिनं आबा करायचे तसंच तीन मोठ्या लाटा मोजून जाऊ दिल्या आणि चौथीच्या पाठीवरून होडी आत घातली.

धक्क्यावरून कुणी विचारलं, “आज सुकाणूवर तांडेल कोण रे?”

“माझी बाय!” आबा छाती फुगवून गरजले. मग तिच्याकडे वळून हळूच म्हणाले, “तुला तेव्हाही जमलं असतं गं. भ्यायलो मी होतो.”